‘मग मी तशी आहे का?’ : फॅनफिक्शनमधले शृंगारप्रसंग आणि मनाला लागलेली टोचणी

‘मॅडम, मला असलं वाचायला आवडतं. माझ्यात काही बिघाड आहे का?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी अलीकडे इतक्या जणींकडून ऐकते की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं. ‘असलं’ म्हणजे फॅनफिक्शनमधले शृंगारप्रसंग. आवडत्या मालिकेतली किंवा कादंबरीतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा म्हणजे फॅनफिक्शन, लिहिणाऱ्यांच्या भाषेत ‘फिक’. त्यात रहस्य असतं, विरह असतो, कधी शरीरसंबंधांचं अगदी उघड वर्णनही असतं. काही जणी नेमकं उलट विचारतात: ‘सगळ्या मैत्रिणींना ते प्रसंग आवडतात, मी ते गाळून पुढे जाते. मी काकूबाई आहे का?’ दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी समजूत एकच आहे: आपल्याला काय वाचायला आवडतं आणि काय आवडत नाही, त्यावरून आपली लायकी ठरते.

अशाच एकीला मृण्मयी म्हणू (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वय २९, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, लग्न झालेलं. टोपणनावाने ती इंग्रजीत एक लांबलचक फिक लिहीत होती. एका ब्रिटिश गुन्हेमालिकेतले दोन पोलीस अधिकारी, दोघंही पन्नाशीकडे झुकलेले, चौदा प्रकरणं हळूहळू एकमेकांजवळ येतात. वाचक कमेंटमध्ये तगादा लावायचे, ‘आता आणखी किती थांबवणार?’ पंधराव्या प्रकरणात तिने सगळं उघड लिहिलं. कौतुकाचा पाऊस पडला आणि त्या दिवसापासून तिला झोप लागेना. नवऱ्याने फोन हातात घेतला तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं.

‘एवढं काय लागलंय मनाला?’

‘लाज वाटते. मी ते लिहिलं याची.’

खुनाची गोष्ट लिहिणारा खुनी नसतो, असं मैत्रिणींनी तिला समजावून झालं होतं. त्याचा उपयोग का झाला नाही, तेही तिनेच सांगितलं.

‘तिसऱ्या प्रकरणात मी खून लिहिला होता, मॅडम. तेव्हा मजा नाही आली. हे लिहिताना आली.’

धीर देणारी माणसं नेमकी इथे कमी पडतात. ती कृतीबद्दल बोलतात. भीती असते ती आनंदाची. म्हणून ‘काही चुकीचं नाही गं’ असं म्हणायचं मी टाळलं.

‘बरं, मजा आली. त्यावरून काय ठरलं?’

‘मग मी तशी आहे.’

‘तशी म्हणजे?’

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आमच्या चाळीत एक बाई होत्या. त्यांचा विषय निघाला की आई आवाज खाली आणायची. तशी.’

आपल्याला छळते ती घटना नव्हे, घटनेला आपण चिकटवलेला अर्थ, ही मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची शिकवण माझ्या कामाचा कणा आहे. मृण्मयीने चिकटवलेला अर्थ तिचा स्वतःचा नव्हताच. लहानपणी कानावर पडलेला एक निवाडा तिने न तपासता स्वतःला लावून घेतला होता. पण हे मी सांगून भागणार नव्हतं, तिच्या डोळ्यांना ते दिसायला हवं होतं.

तिला घरी करायला एक काम दिलं. पंधरावं प्रकरण छापून घ्यायचं, हातात पेन्सिल. लिहिताना खरोखर आनंद झाला त्या ओळींखाली रेघ. वाचकांना हवं म्हणून लिहिलं तिथे फुली.

पुढच्या वेळी ती कागद घेऊन आली तेव्हा समास फुल्यांनी भरले होते. शरीराची वर्णनं जवळजवळ सगळी फुलीखाली. रेघ होती ती सलग सहा ओळींना. त्यात एक जण दुसऱ्याच्या शर्टाची बटणं काढता काढता हात थांबवतो आणि विचारतो, ‘थांबू?’ दुसरा म्हणतो, ‘थोडं थांब.’ आणि तो खरंच थांबतो, हात मागे घेतो, खिडकीशी जाऊन उभा राहतो.

मी तिला त्या ओळी मोठ्याने वाचायला सांगितल्या. तिसऱ्या ओळीवर तिचा आवाज कापला.

‘मला हे आवडलं होतं,’ ती म्हणाली. ‘त्याने विचारलं. आणि ऐकलं.’

‘आणि बाकीचं?’

‘बाकीचं ऑर्डरप्रमाणे.’

तिथे गाठ सुटली. तिच्या मनात दोन वेगळ्या गोष्टींचा गुंता झाला होता. एक, शृंगार लिहिताना झालेला आनंद. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. दुसरी, आपली पात्रं लोकांच्या मागणीसाठी वाकवल्याची खंत. ती खंत खरी होती, लेखिकेची होती आणि दुरुस्त करता येण्याजोगी होती. अशी खंत लाजेचं रूप घेऊन येते, हे मला इतरही लिहिणाऱ्यांच्या बाबतीत दिसलं आहे, आणि ती ओळखता येणं मी माझ्या कामातलं कौशल्य मानते.

कुणी असा अर्थ काढू नये की विश्वास, जवळीक असं काही उदात्त सापडलं म्हणून ती सुटली. रेघ शरीरवर्णनाखाली असती तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं. दोन प्रौढ, राजीखुशीने जवळ येणाऱ्या काल्पनिक माणसांबद्दल वाचून उत्तेजित वाटणं हे निरोगी शरीराचं काम आहे. नवऱ्याबद्दल मी काही विचारलं नाही. गोष्टीवरून कुणाच्या लग्नाचं निदान करायचं नाही, हा माझा कटाक्ष आहे.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या कथेवरून लेखक चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. केवळ सुटे उतारे न बघता न्यायालयाने अख्खी कथा विचारात घेतली. मृण्मयीला मी हेच करायला सांगितलं: प्रसंग काढला तर कथेत काय अडतं ते बघ.

तिने प्रकरण परत लिहिलं. सहा ओळी ठेवल्या, पुढचं दाराआड सोडलं. मूळ उघड रूप वेगळी कथा म्हणून, पण मूळ कथेशी जोडून ठेवलं. हा मार्ग मी मुद्दाम सुचवला होता. ती जिथे लिहिते त्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर रेटिंग, म्हणजे कथा कोणत्या वाचकांसाठी आहे याची खूण, संपूर्ण कथेला लागतं, एकेका प्रकरणाला नाही. एका प्रकरणापायी चौदा प्रकरणांची ‘टीन’ (किशोरवयीन आणि मोठ्यांसाठी) रेटिंगची कथा ‘एक्स्प्लिसिट’ (उघड शृंगार असलेली) करावी लागते आणि तो वर्ग गाळून शोधणाऱ्या जुन्या वाचकांना ती दिसेनाशी होते. रेटिंग न बदलता लिहावं, तर बेसावध वाचक दुखावतो. कमेंटमधली बरीचशी भांडणं शृंगारामुळे होत नाहीत, आत काय आहे ते सांगणारी पाटी नसल्यामुळे होतात. २००२ मध्ये फॅनफिक्शन डॉट नेट या संकेतस्थळाने प्रौढांसाठीच्या कथांवर बंदी घातली होती. चाहत्यांनीच उभं केलेलं आर्काइव्ह २००९ मध्ये खुलं झालं. तिथे अशा कथांना जागा आहे, पण पाटी नीट लावणं लेखकाकडे आहे. जबरदस्तीचा प्रसंग असेल तर त्याची सूचना वेगळी द्यावी. सांगायचंच नसेल तर ‘लेखकाने सूचना न देणं निवडलं आहे’ हा पर्याय असतो, पण खोटी ‘काही नाही’ची खूण करू नये.

ओळख उघड होण्याची भीती असेल तर त्याच खात्यात दुसरं टोपणनाव घेऊन भागत नाही, ते मूळ खात्याशी जोडलेलं दिसतं. वेगळा ईमेल, वेगळं खातं हवं. कमेंट आधी तपासून मग दिसतील अशी सोय चालू करावी. आणि लाजेच्या भरात कथा उडवू नये. ‘ऑर्फन’ केली तर नाव निघून जातं, कथा राहते, पण ते परत फिरवता येत नाही. आधी आठवडाभर थांबावं.

गाळून वाचणाऱ्यांनीही कुणाला खुलासा द्यायची गरज नाही. कथा निवडतानाच ‘एक्स्प्लिसिट’ वगळा, किंवा प्रसंग कुठे सुरू होऊन कुठे संपतो ते लेखकाला नम्रपणे विचारा. बरेच लेखक टिपेत लिहितात. ‘हे कशाला घातलं?’ अशी कमेंट मात्र करू नका, आणि ‘हे का नाही घातलं?’ अशीही नको. मृण्मयीने तसल्या कमेंटला एकच उत्तर ठरवून टाकलं: ‘या कथेत एवढंच आहे.’

वाचण्यापायी रोज झोप बुडत असेल, कामावर परिणाम होत असेल, थांबायचं ठरवूनही थांबता येत नसेल, किंवा एखादा प्रसंग वाचून स्वतःवर झालेला जुना अत्याचार डोळ्यांसमोर उभा राहत असेल, तर समुपदेशकाकडे जा. पहिल्या भेटीत कथेचा तपशील सांगावा लागत नाही. ‘वाचल्यावर मला असं असं होतं’ एवढं सांगितलं की काम सुरू करता येतं.