आधी खिडक्या काढू नका

प्रश्न : मी साताऱ्यात राहते. शाळेत असताना इंटरमीजिएट ग्रेडची परीक्षा दिली होती, आता पन्नाशीत पुन्हा पेन्सिल हातात घेतली आहे. फोटो समोर ठेवून चित्र बरं येतं. राजवाड्यासमोर बसले की मात्र उजवी बाजू कागदात मावत नाही, रेषा कशाही तिरक्या जातात, त्यात माणसं भोवती जमतात. जागेवर स्केच करायला कसं शिकू?

उत्तर : ताई, राजवाडा थोडे दिवस बाजूला ठेवा. एवढी लांबलचक इमारत, खिडक्यांच्या रांगा, समोर वर्दळ. सुरुवातीला तिथे नजर ठरत नाही. सकाळी लवकर संगम माहुलीला जा. कृष्णा-वेण्णेचा संगम, घाट आणि विश्वेश्वराचं देऊळ, सगळं नजरेच्या टप्प्यात आहे.

फोटोत चौकट आधीच ठरलेली असते, जागेवर ती तुम्हाला आखावी लागते. एका कोपऱ्यातून सुरुवात करून आवडलेली खिडकी आपण नकळत मोठी काढतो, म्हणून शेवटी कागद कमी पडतो. तेव्हा खिडक्या, नक्षी सगळं नंतर. हात पूर्ण ताणून पेन्सिल उभी धरा, कोपर वाकू देऊ नका, एक डोळा मिटा. देवळाच्या मंडपाची उंची अंगठ्याच्या नखाने पेन्सिलीवर पकडा. ते माप शिखराच्या उंचीत किती वेळा बसतं, रुंदीत किती वेळा, ते पाहा. मग कागदावर माथा, पायथा, डावी-उजवी कड अशा चार खुणा करा. देऊळ त्या खुणांच्या आतच बसवायचं, हट्टाने.

तिरक्या रेषांचं उत्तर घाटावरच आहे. पायऱ्यांच्या मध्यावर बसा. खालच्या पायऱ्यांचा वरचा सपाट दगड दिसतो. नजर वर न्याल तसा तो पट्टा बारीक होत जातो, डोळ्यांच्या पातळीला नुसती रेघ उरते आणि त्याच्या वर फक्त पायऱ्यांच्या उभ्या बाजू दिसतात. ही तुमची क्षितिजरेषा. ती सर्वांत आधी फिकट आखा. तिच्या वरच्या आडव्या कडा दूर जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात. परीक्षेसाठी घोकलेलं यथार्थदर्शन ते हेच; मला तर ते घाटावर बसल्याशिवाय कुणाला शिकवावंसंच वाटत नाही.

सावल्या सरकतात, म्हणून बसल्या बसल्या सावलीची कड आखून टाका आणि नंतर ती बदलू नका. आपला दगड काळा म्हणून सगळीकडे काळं भरू नका. उन्हातल्या बाजूला कागद कोराच राहू द्या, दाट गिरवणं सावलीसाठी ठेवा. सामान थोडंच न्या : जाड कागदाची छोटी वही, ४बी पेन्सिल, वॉटरप्रूफ शाईचं पेन. साध्या शाईवर जलरंगाचा हात फिरवला की रेषा पसरतात.

गर्दीचा त्रास भिंतीला पाठ लावून बसलात की निम्मा कमी होतो. माहुलीला दहाव्याचे विधीही चालतात. तशा वेळी वही मिटा, त्या माणसांचं चित्र काढू नका.

हात बसला की वाईला ढोल्या गणपतीकडे जा. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत कृष्णेच्या पुराचं पाणी कापलं जावं म्हणून माशासारखी निमुळती केलेली आहे. ती बाजू नक्की काढा. पाणी कुठून येतं, कुठे फुटतं, हे समजून काढलेली रेषा वेगळी उमटते. लिंब गावातली बारा मोटांची विहीर मात्र इतक्यात नको. अष्टकोनी काठावरून खाली पाहताना उभ्या रेषाही तळाकडे एकमेकींजवळ येतात. आधी घाटाच्या आडव्या रेषांवर हात बसू द्या.