जांघेतली सूज आणि संमतिपत्रावरची सही

प्रश्न : गेल्या चवथीआधी माझ्या आईची (वय ६८) खासगी इस्पितळात जांघेतून अँजिओप्लास्टी झाली. रात्रभर जांघ दुखतेय, सूज वाढतेय म्हणून ती सांगत होती. सिस्टर म्हणाल्या, होतं असं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. चार दिवसांनी स्यूडोॲन्युरिझम (टोचलेल्या जागी ठोके देणारी रक्ताची गाठ) निघाला, दुसरीकडे शस्त्रक्रिया करावी लागली. पहिले इस्पितळ म्हणते, तुम्ही सही दिलीय. पोलिसांत जाऊ का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : आईने रात्रभर सांगूनही कोणी पाहिलं नाही, हे वाचून वाईट वाटलं. तुमची केस त्या रात्रीवरच उभी आहे.

रोहिणीला (धमनीला) सुई टोचलेल्या जागी रक्त साठणं, भिंत न मिटल्याने ठोके देणारी गाठ होणं, हे धोके काळजी घेऊनही उद्भवतात. वयस्क बायकांना आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांवरच्या रुग्णांना ते जास्त. त्यामुळे नुसती गाठ झाली म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. पण सूज वाढत असताना जांघ तपासली का, पायाची नाडी पाहिली का, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी का केली नाही, याचं उत्तर इस्पितळाला द्यावंच लागेल. संमतिपत्र म्हणजे धोक्याला दिलेली संमती. हयगयीला कोणी संमती देत नसतं.

पोलिसांत आत्ता जाऊ नका. जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली आहे. तिथे वर्षं जातील. तुमची वाट ग्राहक आयोगाची. डिचोली उत्तर गोव्यात, म्हणजे पर्वरीचा जिल्हा आयोग. इस्पितळाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी आई ग्राहकच. मुदत मात्र दोन वर्षांची, ती चालू झालेली आहे.

त्याआधी, याच आठवड्यात, केसपेपर मागा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ७२ तासांत प्रती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. सिस्टरांच्या रात्रीच्या नोंदी हव्यात, शीथ (रोहिणीत घातलेली नळी) किती वाजता काढली आणि जागा किती वेळ दाबून धरली तेही हवं. नोंदच नसेल तर तेही तुमच्याच बाजूने बोलतं. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनकडून लेखी मत मिळवा. ते प्रत्येक केसमध्ये सक्तीचं नाही, पण इथे फार उपयोगी पडेल.

अर्जावर आणि तक्रारीवर सही आईची घ्या. रुग्ण ती आहे. तुम्ही तिच्या अधिकारपत्रावर काम पाहा.