खऱ्या गुन्ह्यांवरच्या कोणत्या डॉक्युमेंटरी बघाव्यात, कोणत्या टाळाव्यात? मराठीत काही आहे का?

आधी टाळायचं सांगते, कारण तिथे माझं डोकं लवकर तापतं. पाऊस, वीज आणि ढॅणढॅण संगीत चालू असताना एखादा नट ‘साक्षीदार’ म्हणून टेबलाखालून पाकीट घेताना दिसला, की बंद करा. मी असं एक बघितलंय. त्यातला साक्षीदार म्हणजे माझे वडील.

१९९४ची गोष्ट. नाशकात रविवार कारंज्याजवळ अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, एकाचा खून झाला होता. दोन दिवसांनी दुपारी हवालदार दुकानात आला, “अण्णा, पाच मिनिटं या, एक सही पाहिजे.” पंच, म्हणजे जप्तीचे साक्षीदार, तेव्हा असेच मिळायचे, चहावाला नाहीतर पानवाला नाहीतर घड्याळवाला. अण्णा डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून तसेच उठून गेले. चौकीत टेबलावर सुरा खाकी कागदात गुंडाळून ठेवलेला, मेणबत्तीवर लाख वितळत होती. लेबलवर एक सही आणि तीन कागदांवर तीन. कागदांत लिहिलं होतं, की आरोपीने पंचांना पुलाखाली नेलं आणि स्वतः सुरा काढून दिला.

साक्ष निघाली चार वर्षांनी. मी अकरावीत होते, कॉलेज बुडवून सीबीएस बसस्टँडसमोरच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. सुऱ्याचं पाकीट सगळ्यांसमोर फोडलं, लाखेचे तुकडे टेबलावर पडले. अण्णांनी सही ओळखली. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपी तुम्हाला कोणत्या रस्त्याने घेऊन गेला? अण्णा म्हणाले, “साहेब, मी गंगेवर गेलोच नाही. सही चौकीत केली.” दोन मिनिटांत अण्णा फितूर. “आरोपीकडून पैसे घेतले म्हणून खोटं सांगताय, हे खरं ना?” “नाही साहेब.” पुढे आरोपी सुटला आणि गल्लीने काय ते ठरवून टाकलं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या आतेभावाने, दादाने, घरच्या ग्रुपवर यूट्यूबचा एक व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं होतं, “मामांची केस!” आणि हसरा चेहरा. अठरा मिनिटांत सगळं प्रकरण उरकलंय. खून मे महिन्यातला, गंगेत गुडघाभर पाणी नव्हतं, आणि व्हिडिओत मुसळधार पाऊस. अण्णांचं पात्र पोट सुटलेलं, बोटात सोन्याची अंगठी. बावन्न किलोचा माणूस हो तो, बारीक कामात अडते म्हणून अंगठी कधी घातली नाही. मग ते पाकीट. बनवणाऱ्यांनी आम्हाला साधा फोन केला नाही. दादाचं म्हणणं, “नाट्यरूपांतर आहे, एवढं काय मनाला लावून घेतेस?” तीन दिवाळ्या झाल्या, हा वाद चालूच आहे.

नाट्यरूपांतराला माझा विरोध नाही. ‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८) बघा. १९७६ साली डॅलसमध्ये एका पोलिसाचा खून झाला, रँडल अ‍ॅडम्सला त्यात फाशी सुनावली, नंतर तिची जन्मठेप झाली. दिग्दर्शक एरॉल मॉरिस तोच प्रसंग पुन्हा पुन्हा उभा करतो, कधी याच्या सांगण्याप्रमाणे, कधी त्याच्या, आणि तपशील बदलत जातात. गाडीतून फेकलेला मिल्कशेकचा पेला नुसता हवेतून जाताना दिसतो. आपण खून बघतच नसतो, जबान्या बघत असतो. सिनेमा आला आणि पुढच्या वर्षी अ‍ॅडम्स सुटला.

‘द जिंक्स’ (२०१५) खिळवून ठेवते, पण शेवट डोळे उघडे ठेवून बघा. खुनाचा संशय असलेला रॉबर्ट डर्स्ट अंगावरचा माइक विसरून बाथरूममध्ये पुटपुटतो, ती वाक्यं संकलनात मागेपुढे केली होती. २०१९मध्ये हे बाहेर आलं. २०२१मध्ये डर्स्ट दोषी ठरला. दादाला हे उदाहरण फार आवडतं, “शेवटी होताच ना दोषी?” अरे, पण मग वाक्यं हलवायची गरज काय होती?

‘मेकिंग अ मर्डरर’ आरोपीकडे झुकलेली आहे, लांबतेही. तरी त्यातल्या सोळा वर्षांच्या सहआरोपी ब्रेंडन डॅसीच्या चौकशीचं मूळ चित्रीकरण चुकवू नका. कबुली कशी घडवली जाते ते तिथे दिसतं. आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली पुरावा धरत नाहीत. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं २३ आहे. त्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढाच भाग चालतो. आणि वस्तू खरंच तिथे सापडली हे कोर्टात सांगणारा कोण? पंच. त्यामुळे देशी मालिकेत निवृत्त अधिकारी खुर्चीत रेलून “पोपटासारखं बोलला” म्हणाले, की मी पंच शोधते. बहुतेक वेळा नसतोच. जुलै २०२४पासून जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय. अण्णांना तीस वर्षं उशीर.

मराठीतलं विचारलंत, तर अस्सल असं फार काही हाती लागणार नाही. आपल्या मातीतलं हवं असेल तर उमेश कुलकर्णींची ‘इंडियन प्रिडेटर: मर्डर इन अ कोर्टरूम’ बघा. २००४ साली नागपूरच्या कोर्टात बायकांच्या जमावाने अक्कू यादवला मारलं, ती हकिकत. त्यात वस्तीतल्या बायका स्वतः बोलतात. दिल्लीतल्या बुरारीच्या अकरा मृत्यूंवरची ‘हाउस ऑफ सीक्रेट्स’ही चांगली आहे. सनसनाटीला नावं ठेवता ठेवता तीही थोडी घाबरवतेच. सुरुवात हिच्यापासून करा, पण रात्री एकट्याने नको.

हे सगळं मुलीने लिहिलंय, हेही ध्यानात ठेवा. न वाचता सही केली ही अण्णांची चूकच, आणि ते स्वतः तसं म्हणायचे. खून त्यानेच केला असणार, असंही म्हणायचे. मयताची बायको आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायची. निकालानंतर ती दुकानावरून जायची ती मान वळवून. अण्णांना तेच लागलं, फितूर म्हटल्याचं नाही.

आणि दादा, वाचत असशील तर ऐक. अण्णांच्या खोक्यात त्या साक्षीचं समन्स आहे, मागे पेन्सिलीने हिशोब लिहिलाय: चहा दोनदा, दुकान दिवसभर बंद. जमेच्या बाजूला काही नाही. गणपतीत येशील तेव्हा दाखवते.