टर्कीला साद घालण्याआधी

चि.,

सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात वसंतात रानटर्कीच्या शिकारीला जायचं ठरवलंयस, तर आधी जमीनमालकाचं दार गाठ. फेब्रुवारी-मार्चमध्येच, दिवसाउजेडी. गाडी कुठे लावायची, कोणतं फाटक बंद ठेवायचं, गुरं कुठल्या कुरणात असतात, आणखी कुणाला परवानगी दिली आहे, एवढं नक्की विचार. झाडांवर किंवा खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले, तर तिथे प्रवेशबंदीचा फलक आहे असंच तिथला कायदा मानतो.

आता साद, म्हणजे मादीच्या आवाजाची नक्कल करून नराला जवळ बोलावणं. एरवी मादी नराकडे जाते. नर पिसारा फुलवून जागेवरच तिची वाट पाहतो. तुला त्याच्याकडून उलटं करून घ्यायचंय. सारखी हाक मारलीस, तर 'येतेच आहे ही' असं धरून तो 60-70 यार्डांवर अडून राहतो. बहुतेक नवशिके इथेच हरतात.

पाटी-कांडीपासून सुरुवात कर, म्हणजे गोल भांड्यातल्या पाटीवर कांडी घासून मादीचा आवाज काढायचं साधन. पाटीचं भांडं बोटांच्या टोकांवर धर, तळहात खालच्या भोकांना लागला की आवाज गुदमरतो. कांडी पेनसारखी धर, किंचित कलती, आणि टोक न उचलता नाण्याएवढे छोटे लंबगोल काढ. काठाजवळ स्वर चढा, मध्याकडे उतरता. घासायच्या जागेला बोट लावू नकोस. हाताच्या तेलाने कांडी घसरते. तसं झालंच, तर पाटीवर बारीक सँडपेपर फिरव, कांडीच्या टोकावरही. झाकण घासून आवाज काढायची लाकडी पेटीही असते; तिच्या झाकणाला मात्र खडू लागतो, तोही बिनतेलाचा. तिचे स्क्रू उगाच पिळू नकोस, सूर बिघडतो.

जुनी रीत म्हणजे पंखाच्या हाडांची नळी. मादीच्या पंखातली तीन हाडं उकळून, आतला मगज काढून एकात एक बसवायची: सर्वांत बारीक ओठांशी, सर्वांत जाड दुसऱ्या टोकाला. फुंकायचं नाही, ओठ आवळून हवा आत ओढायची, पापा घेतल्यासारखी. सांध्यातून हवा गळली की नळी मुकी.

पहाटे नर ज्या झाडावर बसलाय, त्यापासून 100-150 यार्डांवर, खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला टेकून बैस. मध्ये ओढा किंवा कुंपण नको, तिथे पाय अडतो त्याचा. पाच-सहा स्वरांची एक साद, मग 15-20 मिनिटं गप्प. त्याने उत्तर दिलं, तर आणखी गप्प! मादी पायाने खरडते तशी पानं खरडलीस तरी पुरे: एकदा, थांबून दोनदा. एकेरी 'क्लक' जोरात काढू नकोस. तो धोक्याच्या 'पट्'सारखा ऐकू येतो.

लाल, पांढरं, निळं काही घालू नकोस, रुमालसुद्धा. नराच्या डोक्याचे तेच रंग असतात, आणि दुसरा शिकारी फसू शकतो. असा कुणी जवळ आला, तर हात न हलवता मोठ्याने ओरड. छातीवरची दाढी, म्हणजे लोंबणारा केसांसारखा झुबका, स्पष्ट दिसल्याशिवाय आणि 40 यार्डांच्या आत आल्याशिवाय घोडा दाबू नकोस.

नर बोलायचा थांबला म्हणून उठू नकोस. अनेकदा तो गुपचूप चालत येतो, बहुधा तुझ्या पाठीमागून. आणखी अर्धा तास बैस.