वाचकांचे प्रश्न : विमान पाण्यावर उतरवावे लागले तर

विमानप्रवासाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. मी स्वतः बरीच वर्षे केबिन क्रूमध्ये काढली आणि पुढे नव्या मुलामुलींना शिकवण्याचे काम केले, त्यामुळे उत्तरे त्या अंगाने आली आहेत. कॉकपिटमधील तंत्राविषयी आवश्यक तेवढेच लिहिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा दुबईला असतो, त्यामुळे वर्षातून दोनदा मुंबईहून अरबी समुद्रावरून जाणे होते. लाइफ जॅकेट विमानात असताना फुगवू नका, असे दर वेळी बजावतात. बुडण्याची वेळ आलीच तर ते लवकर फुगवलेले बरे नाही का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : फुगवलेले जॅकेट माणसाला वर ढकलते, आणि केबिनमध्ये पाणी चढत असेल तर वर म्हणजे छत. बाहेर पडायचे दार त्या वेळी पाण्याखाली गेलेले असू शकते, आणि तिथे पोहोचण्यासाठी खाली बुडी मारावी लागली तर छातीवरचा फुगा ती मारू देत नाही. याची किंमत २३ नोव्हेंबर १९९६ रोजी फार मोठी मोजावी लागली. अदिस अबाबाहून नैरोबीकडे निघालेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या बोइंग ७६७ विमानाचे तिघांनी अपहरण केले आणि ते ऑस्ट्रेलियाला न्यावे असा हट्ट धरला. तेवढे इंधन विमानात नाही, हे कॅप्टन लेउल अबाते यांनी परोपरीने सांगूनही ते ऐकेनात. अखेर कोमोरोस बेटांजवळ इंधन संपले आणि किनाऱ्यालगत पाण्यावर उतरताना डावा पंख आधी पाण्याला लागून विमान फुटले. विमानातील १७५ जणांपैकी १२५ जण दगावले. उतरण्याच्या धक्क्यातून वाचलेल्यांपैकी कित्येक जण केवळ जॅकेट आधीच फुगवल्यामुळे आत अडकून बुडाले. म्हणून जॅकेट अंगात घालायचे, पट्टा कमरेला बांधायचा, आणि लाल दोरी दाराच्या उंबऱ्यावर ओढायची. गॅसने ते फुगले नाही तर खांद्याजवळच्या नळीने तोंडाने फुगवता येते.

प्रश्न : अशा वेळी वैमानिक विमान सांभाळतात हे समजते, पण केबिनमधील कर्मचारी नेमके काय करतात? त्यांना हे शिकवतात का? — एक वाचक, पुणे

उत्तर : शिकवतात, आणि त्यातला बराच भाग पोहण्याच्या तलावात होतो. प्रशिक्षणार्थी जॅकेट घालून पाण्यात उतरतात, घोळक्याने एकमेकांना धरून तरंगतात आणि मग तराफ्यावर चढतात. ऐकायला हे सोपे वाटते, पण भिजलेल्या कपड्यांनिशी फुगीर, निसरड्या कडेवरून वर येताना चांगल्या पोहणाऱ्यांचीही दमछाक होते. वर गेलेल्या पहिल्या माणसाने पालथे पडून दुसऱ्याला काखेत धरून ओढून घ्यायचे, ही युक्ती त्या दिवसानंतर कोणी विसरत नाही.

प्रत्यक्ष प्रसंगात सगळे हाती असलेल्या वेळेवर अवलंबून असते. वेळ असेल तर कॅप्टन मुख्य कर्मचाऱ्याला बोलावून चार गोष्टी सांगतात : काय झाले आहे, आपण काय करणार आहोत, किती मिनिटे उरली आहेत आणि विशेष सूचना काय. ऐकणाऱ्याने त्या चारही गोष्टी जशाच्या तशा परत म्हणून दाखवायच्या असतात, कारण घाबरलेल्या मनाला आपण नीट ऐकले असे उगीचच वाटते. त्यानंतर प्रवाशांना जॅकेट घालायला लावणे, टोकदार वस्तू आणि उंच टाचांचे बूट काढून घेणे, सामान बंद करणे, डोके खाली घेऊन बसण्याची पद्धत एकेकाकडून करवून घेणे, दाराजवळ धडधाकट प्रवासी बसवून त्यांना दार कसे व केव्हा उघडायचे ते समजावणे, ही कामे ठरलेल्या क्रमाने होतात. प्रवाशांची जागा बदलणेही त्यातच येते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेल्या पॅन अॅमच्या स्ट्रॅटोक्रूझर विमानाची दोन इंजिने गेली, तेव्हा कॅप्टन रिचर्ड ऑग यांनी अमेरिकी तटरक्षक दलाच्या पाँटचारट्रेन या जहाजाभोवती घिरट्या घालत उजाडेपर्यंत वाट पाहिली. या जातीच्या विमानाची शेपूट पाण्यावर आदळताच तुटते, हे आधीच्या अपघातातून कळले होते, म्हणून त्यांनी मागचे प्रवासी पुढे हलवायला सांगितले. शेपूट खरोखरच तुटली आणि सर्व ३१ जण वाचले.

निरोप पोहोचलाच नाही तर काय होते, याचे उदाहरण २ मे १९७० चे आहे. कॅरिबियन समुद्रात सेंट क्रॉय बेटाजवळ एएलएम कंपनीचे डीसी-९ विमान इंधन संपून पाण्यावर उतरले. उद्घोषणेची यंत्रणा बंद होती, त्यामुळे नेमका क्षण केबिनला कळला नाही, आणि विमान आदळले तेव्हा काही जण पट्टा न बांधता उभे होते. त्यातच एक तराफा विमानाच्या आतच फुगला. ६३ जणांपैकी २३ जणांचा मृत्यू झाला. इंजिने बंद पडण्याइतकाच न पोहोचलेला निरोपही माणसे मारतो, असे मी वर्गात सांगत असे.

पण बहुतेकांच्या मनात हडसन नदीचा प्रसंग असतो, आणि तो या तयारीच्या नेमका उलट आहे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावरून उडालेल्या यूएस एअरवेजच्या एअरबस ए३२० विमानाच्या दोन्ही इंजिनांत कॅनडा गूज जातीचे पक्षी शिरले. कॅप्टन चेस्ली सलनबर्गर आणि सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांच्या हातात तेव्हापासून पाण्यापर्यंत सुमारे साडेतीन मिनिटे होती. स्काइल्स यांनी उघडलेली इंजिनबंदीची यादी, म्हणजे इंजिने बंद पडल्यावर क्रमाने करायच्या गोष्टींची यादी, बरीच उंची हाताशी आहे असे गृहीत धरून लिहिलेली होती, त्यामुळे ती पुरी होणे शक्यच नव्हते. विमानाच्या खालच्या बाजूची काही छिद्रे बंद करणारे ‘डिचिंग’चे (पाण्यावर उतरतानाचे) बटण त्या यादीत पुढे होते आणि ते दाबायचे राहिले. केबिनला मिळाला तो एकच इशारा, आदळण्यास तयार राहा, आणि तोही सुमारे दीड मिनिट आधी. त्यात पाण्याचा उल्लेख नव्हता. तिन्ही कर्मचारी आपापल्या जागी पट्ट्यात बसून ‘ब्रेस, ब्रेस! हेड्स डाउन, स्टे डाउन!’ असे एका सुरात ओरडत राहिल्या. ही घोषणा शिकवताना नवी मुले लाजतात. पण एक ओळ सतत कानावर पडत राहिली की प्रवाशांचे हातपाय तिच्यामागे जातात, आणि ओरडणाऱ्याच्या मनालाही धरायला काही तरी मिळते.

पुढे बसलेल्या दोघींना आपण पाण्यात आहोत हे बाहेर पाहिल्यावरच कळले. माझ्या मते या साऱ्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट इथेच आहे. धावपट्टीवरच्या अपघातात दार उघडण्याची घाई करायची असते, कारण आग. पाण्यावर मात्र दारापाशी गेल्यावर हात खेचून धरायचा आणि आधी खिडकीतून पाण्याची पातळी पाहायची. उंबरा पाण्याखाली असेल तर ते दार उघडायचे नाही, त्यासमोर आडवे उभे राहायचे आणि प्रवाशांना दुसरीकडे वळवायचे. हडसनवर विमान ठरवलेल्या वेगापेक्षा बरेच जोराने खाली आले होते, त्यामुळे मागच्या भागाचा तळ फाटला आणि तिथे वेगाने पाणी भरू लागले. फरशीतून वर आलेल्या धातूच्या तुकड्याने मागे बसलेल्या कर्मचारी डोरीन वेल्श यांचा पाय चिरला गेला होता. त्याच वेळी एका प्रवाशाने मागचे दार किंचित उघडले आणि ते पुन्हा नीट बंद झाले नाही. वेल्श यांनी छातीपर्यंतच्या पाण्यातून लोकांना पुढे जायला लावले. मागे बसलेल्या माणसाला समोरचे दार सोडून पुढे चला, असे पटवणे किती कठीण असते, याचा अंदाज लोकल गाडीत चुकीच्या बाजूला उभ्या असलेल्या गर्दीला वळवू पाहणाऱ्या कोणालाही येईल.

पुढे डाव्या दाराची घसरगुंडी (दारातून बाहेर घसरून पडण्यासाठीची फुगणारी उतरण) आपोआप फुगली नाही, म्हणून हाताने मूठ ओढावी लागली. अशी मूठ असते हे वर्षानुवर्षे पाठ करून घेतले जाते ते याचसाठी. सगळे, म्हणजे १५५ जण, बाहेर आले. प्रवासी पंखांवर आणि घसरगुंड्यांवर उभे राहिले, आणि काही मिनिटांतच नदीवरच्या फेरीबोटी येऊन पोहोचल्या. या विमानाला तराफ्याचे काम करणाऱ्या घसरगुंड्या बसवलेल्या होत्या, पण त्या मार्गासाठी नियमाने त्यांची गरज नव्हती. त्या होत्या हे नशीब. आणि जॅकेटचे सांगायचे तर, १५० प्रवाशांपैकी जेमतेम तेहतीस जणांपाशी ते शेवटपर्यंत होते, आणि कमरेचा पट्टा नीट बांधल्याची खात्री देऊ शकणारे केवळ चार होते. नदीचे पाणी तेव्हा सुमारे ५ अंश सेल्सिअस होते. बोटी अर्ध्या तासाने आल्या असत्या तर हा आकडा आपल्याला निराळ्या कारणासाठी ठाऊक झाला असता.

प्रश्न : नागपूरहून दिल्लीला जाताना वाटेत समुद्र कुठे आहे? तरीही पाण्याच्या सूचना का देतात? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आंतरराष्ट्रीय निकषांनुसार किनाऱ्यापासून ९३ किलोमीटरपेक्षा दूर जाणाऱ्या विमानात प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट लागते, आणि जमिनीपासून १२० मिनिटे किंवा ७४० किलोमीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून दूर जायचे असेल तर तराफेही लागतात. शिवाय तेच विमान सकाळी नागपूरला आणि संध्याकाळी मस्कतला जाऊ शकते. एवढे लांब जायलाही नको. मुंबईहून पश्चिमेकडे उडालेले विमान मिनिटभरात जुहू ओलांडून समुद्रावर असते, आणि गोव्यातल्या दाबोळी विमानतळाची धावपट्टी तर समुद्राच्या कड्यापाशीच संपते.

प्रश्न : पुढच्या महिन्यात आम्ही चौदा महिन्यांची मुलगी आणि गुडघ्याचा त्रास असलेले सासरे यांच्यासह सिंगापूरला जाणार आहोत. अशा वेळी या दोघांचे काय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : तान्ह्या मुलांसाठी वेगळे, लहान लाइफ जॅकेट असते. ते आपल्या आसनाखाली नसते, ते कर्मचारी आणून देतात. मोठ्यांचे जॅकेट बाळाला गुंडाळू नका, ते डोक्यावरून निसटते. बाळाचे जॅकेट केव्हा फुगवायचे हे कंपनीगणिक वेगळे असते, म्हणून देणाऱ्या कर्मचाऱ्याला तिथेच विचारून घ्या. बाळाला स्वतःच्या पट्ट्याच्या आत घेऊन पट्टा आवळू नये. धक्क्याच्या वेळी तुमच्या शरीराचे वजन त्याच्यावर येते.

सासऱ्यांसाठी आपत्कालीन दाराशेजारची आसने मागू नका. तिथे पाय मोकळे पसरायला मिळतात हे खरे, पण त्या रांगेतल्या प्रवाशाने दार उचलायचे असते, आणि क्रू त्यांना तिथून उठवेलच. त्यापेक्षा चढतानाच दारातल्या कर्मचाऱ्याला गुडघ्याविषयी सांगा. वेळ हाती असेल अशा प्रसंगात मदत लागणाऱ्या प्रत्येक प्रवाशासाठी एक धडधाकट सोबती नेमला जातो, आणि कोणाला अशी मदत लागेल हे उड्डाणापूर्वीच ठाऊक असले तर ती नेमणूक दोन मिनिटांत होते. आणि सासऱ्यांची काठी वरच्या कप्प्यात ठेवा. घसरगुंडीवर किंवा तराफ्यात ती टोचली तर सगळ्यांनाच महागात पडेल.