स्पायरोमेट्री नॉर्मल, ऑक्सिजन ९७, मग जिना चढताना धाप का लागते?

व्हायरल न्यूमोनियातून उठून दोन महिने झाले, रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी दुसऱ्या मजल्यापर्यंत दम टिकत नाही, तेव्हा मशीन चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. मी फुप्फुसांच्या तपासण्या करणारी टेक्निशियन आहे. मशीन बहुधा बरोबरच असतं.

स्पायरोमेट्री भाता तपासते: हवा किती मावते, पहिल्या सेकंदात किती बाहेर पडते. ऑक्सिजन रक्तात नीट उतरतोय का, हे तिला कळत नाही, आणि न्यूमोनियाचा मार बसतो तो नेमका वायुकोशांच्या पातळ पडद्यावर. त्यासाठी डीएलसीओ करतात. किंचित कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा पूर्ण आत ओढायची, दहा सेकंद रोखायची, सोडायची. परत किती आला त्यावरून रक्तात किती गेला ते कळतं. नाव ऐकून लोक दचकतात, पण प्रमाण इतकं कमी असतं की अपाय होत नाही. मात्र हिमोग्लोबिन कमी असेल तर हा आकडाही खाली येतो, म्हणून ताजा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट, सोबत न्या.

त्याआधी सहा मिनिटांची चालण्याची चाचणी मागा. बसल्या जागचा ९७ मला फारसा पटत नाही. परवा एक गृहस्थ ९६ वर निघाले, दोन फेऱ्या गप्पा मारत झाल्या, चौथ्या मिनिटाला बोलणं थांबलं, हात भिंतीकडे गेला, आकडा ८९. चालताना ऑक्सिजन ४ किंवा जास्त अंकांनी उतरला तर डॉक्टर पुढचं बघतात, गरज वाटली तर एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन), टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). थांबल्याबरोबर ऑक्सिमीटर काढू नका, कधीकधी सगळ्यात कमी आकडा खुर्चीत टेकल्यावर दिसतो. नेलपॉलिश आणि गार बोटं तर हमखास फसवतात.

आजाराआधीची स्पायरोमेट्री असेल तर शोधून काढा. वय-उंचीनुसार अपेक्षित आकड्याच्या ११० टक्के फुंकणारा माणूस ८५ वर आला तरी कागदावर नॉर्मलच राहतो!

ऑक्सिजन उतरला नाही, डीएलसीओही चांगलं आलं, तर मला संशय मांड्यांवर येतो. अंथरुणात त्या फार लवकर वाळतात. तिथे फिजिओथेरपिस्ट कामाचा.

मात्र धाप अचानक वाढली, छातीत दुखलं किंवा एकच पोटरी सुजली, तर या तपासण्यांच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. रक्ताची गुठळी असू शकते.