“लॉस रिकव्हर झाला की बंद करतो”

“मुलगा ऑप्शनमध्ये पैसे घालवतोय. सेबी नियम कडक करतेय, मग आपोआप सुटेल ना?” जळगावात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे आईवडील, बायका हे हमखास विचारतात. ऑप्शन म्हणजे शेअर किंवा निर्देशांक वर जाईल की खाली, यावरचा मुदतीचा सौदा; सेबी म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था. चोपडा तालुक्यातल्या एका घराचं सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

घरी केळी-कापूस, मुलगा तिशीच्या आतला, कृषी केंद्रात नोकरीला. वडील एवढंच बोलले, “मना पोऱ्या दिनभर मोबाईलमा डोकं घालीसन बसस. मंगळवारे नि गुरुवारे तर जेवसबी नही.” वार ऐकले आणि उलगडा झाला. निफ्टी या निर्देशांकाच्या ऑप्शनची साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे सौद्याची मुदत संपायचा दिवस, मंगळवारी, सेन्सेक्सची गुरुवारी.

मुलाचा राग सेबीवर. “मॅडम, 2024च्या नोव्हेंबरात निफ्टीचा लॉट 25चा 75 केला. 80 रुपये प्रीमियमचा ऑप्शन दोन हजारांत यायचा, त्याला सहा हजार लागायला लागले. गरिबाने खेळूच नये का?” लॉट म्हणजे एका वेळी घ्यावी लागणारी किमान संख्या, प्रीमियम म्हणजे त्यातल्या एकाची किंमत. हिशोब बरोबर होता, मी तसं म्हटलंही. पण मग सहा हजार आणलेस कुठून? आधी पगारातून, मग केळीच्या पैशांतून, शेवटी लोन अ‍ॅपवरून.

म्हणून घरच्यांना सांगते, अशा नियमाने नवखा माणूस अडतो. गेलेला पैसा परत मिळवायच्या मागे लागलेला अडत नाही. सेबीच्याच अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या काळात एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे) करणाऱ्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झालाय, सरासरी दोन लाखांच्या आसपास. आणि लागोपाठ तोटा होऊनही त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त लोक थांबले नाहीत. माझी झोप उडवतो तो हा दुसरा आकडा.

नियम हवेतच, उलट आणखी हवेत. पीएमएसमध्ये (तज्ज्ञ आपले पैसे गुंतवून सांभाळतात त्या सेवेत) शिरायला किमान 50 लाख लागतात, ऑप्शन विकत घ्यायला काही हजार पुरतात. ब्रोकरकडे बँक स्टेटमेंट टाकलं की एफ अँड ओ सेगमेंट, म्हणजे या सौद्यांची सोय, सुरू. हा माणूस किती तोटा सोसू शकेल, हेही तपासलं गेलं पाहिजे.

मुलाकडे नफ्याच्या दिवसांचे स्क्रीनशॉट जपून ठेवलेले होते. मी त्याला ब्रोकरच्या अ‍ॅपवरून वर्षावार नफा-तोट्याचा रिपोर्ट काढायला लावला आणि ब्रोकरेज, एसटीटी (शेअर बाजारातल्या व्यवहारावरचा कर), जीएसटीसकट सगळं स्वतःच्या हाताने कागदावर उतरवायला सांगितलं. नुसत्या खर्चाच्या बेरजेशी पेन थांबलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “लॉस रिकव्हर झाला की बंद करतो.” हे वाक्य जवळपास प्रत्येकाच्या तोंडी असतं, आणि पुढचं कर्ज त्यातूनच निघतं.

जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हे मी सरळ विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, घरच्यांनीही विचारावं. एकदा वाटलं होतं, म्हणाला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक बापलेक दोघांच्याही मोबाईलमध्ये सेव्ह करून घेतला, मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

एफ अँड ओ सेगमेंट त्याने माझ्यासमोरच बंद केलं. त्याच्या वडिलांना, आप्पांना, दोन गोष्टी सांगितल्या: टोमणे नाहीत, आणि हातात रोख पैसेही नाहीत. केळीची पट्टी (विक्रीचे पैसे) आली की आधी लोन अ‍ॅप संपवायचं. विवरणपत्र मुदतीत भरलं तर हा तोटा पुढची 8 वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो, त्यासाठी सीएकडे पाठवलं. सेगमेंट अजून बंद आहे. मंगळवारी मात्र त्याला करमत नाही, म्हणून आमच्या भेटी सध्या मंगळवारीच ठेवल्यात.